लेबलावरच्या चेहऱ्याबाबत

मी, लाँड्रीवाल्यांची थोरली सून, वय ४६ वर्षे, व्यवसाय डाग घालवायची वडी बनवून विकणे, राहणार लाँड्रीच्या मागची खोली, आज ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व सासूबाईंसह राहते. पती पुढच्या खोलीत लाँड्री चालवतात. धाकटे दीर व त्यांची पत्नी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, गेल्या वर्षापर्यंत वरच्या मजल्यावर राहत होते.

लाँड्रीत येणाऱ्या कपड्यांवरचे तेलाचे, शाईचे व चहाचे डाग निघत नसत आणि गिऱ्हाइके भांडत. म्हणून मी मागच्या खोलीत प्रयोग करून एक वडी तयार केली. मिश्रण किती गरम असताना त्यात काय घालायचे, ते मी येथे सांगणार नाही. हवालदारसाहेबांनी विचारले होते. पूर्वी कोणीही विचारले की मी सांगत असे. धाकटी जाऊ माझ्याशेजारी उभी राहून पातेले ढवळायची, तिलाही सगळे सांगितले.

वडीचे ‘लख्ख’ हे नाव मी ठेवले. लेबल छापायच्या वेळी छापखानेवाले म्हणाले, “वहिनी, नुसत्या अक्षरांकडे कोण बघतंय? एखाद्या बाईचा हसरा फोटो टाका.” त्यावरून माझा व धाकट्या जावेचा, असे दोन फोटो काढले. पतींनी दोन्ही शेजारी धरले व म्हणाले, “धाकटीचाच घ्या. हिचा बघून वाटतंय, डाग हिनंच पाडलेत.” सगळे हसले. सासूबाईही हसल्या. धाकट्या जावेचा फोटो छापला गेला. खाली बारीक अक्षरांत ‘उत्पादक’ म्हणून माझे नाव व लाँड्रीचा पत्ता होता.

वडी चांगली खपू लागली. रस्त्यात बायका धाकट्या जावेला थांबवून “अहो लख्खवाल्या” म्हणत. मी बरोबर असले तर “या तुमच्या कोण?” असे विचारत. जाऊ हात पुसल्यासारखे करून हसायची. तिच्या हातांना त्या दिवसांत वडीचा वास नसे, माझ्या असे.

लाँड्रीत कोट धुवायला देणाऱ्या एका वकीलबाईंनी तेव्हाच सांगितले होते की नाव व लेबल नोंदवून घ्या, आणि कृती शिकणाऱ्याशी लेखी करार करा. दीर म्हणाले, “घरातल्या घरात कसला करार? उद्या चहा पिताना पण सही घ्याल!” पती म्हणाले, “एवढ्याशा वडीवर कोण डल्ला मारणार?” मला ते पटले, कारण करार म्हटला की जावेचे नाव कागदावर माझ्या शेजारी लिहावे लागणार होते.

पुढे दीर व जाऊ वेगळे झाले. त्यांनी चौकात काचेच्या दाराचे दुकान घेतले आणि तीच वडी विकायला ठेवली. दुकानावर जावेचा फोटो दाराएवढा लावला. माझे पती त्या दुकानासमोर पावले हळू टाकतात, हे मी पाहिले आहे. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असे साहेब म्हणाले. तरी लिहून घ्यावे.

त्या आठवड्यात मी घरातल्या सर्व खोक्यांवरची लेबले पाण्यात भिजवून काढली व न वापरलेल्या लेबलांच्या गठ्ठ्यासकट बंबात जाळली. माल साध्या कागदात बांधून विकू लागले. गिऱ्हाइके म्हणू लागली, “ही नकली दिसते, बाईचा फोटो कुठाय?”

त्यानंतर मला नोटीस आली. जावेने नाव व लेबल स्वतःच्या नावाने नोंदवायला अर्ज केला होता आणि मी ‘लख्ख’ हे नाव वापरू नये, असे त्यात होते. मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “नोंदणी अजून झालेली नाही. आधी वापर तुमचा आहे, हरकत घ्या, मुदत आहे. फक्त तुमच्या पत्त्याचं जुनं लेबल आणा.” मी म्हटले, “एकही नाही. सगळी बंबात जाळली.” त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, “वहिनी, स्वतःचा पुरावा कोणी बंबात घालतं का?” छापखानेवाल्यांनी जुन्या कामाचे काही ठेवलेले नव्हते.

वेगळे होताना जावेने जुनी खोकी नेली होती. त्यांतले एक मागावे म्हणून मी काल दुपारी तिच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाइके होती. आमचे बोलणे असे झाले.

“एक जुनं खोकं दे.”

“ताई, तुमच्याकडे ढीग होता की. काय केलंत?”

“वडी माझी आहे, तुला माहीत आहे.”

“असेल. चेहरा तर माझा आहे ना? तुम्ही तुमचा लावा. मी कुठं अडवलंय?”

एका गिऱ्हाइकाने विचारले, “या कोण?” जाऊ म्हणाली, “आधी माझ्याकडे मदतीला होत्या.”

त्यानंतर मी मांडणीवरच्या खोक्यांची लेबले फाडली, जुनी आणि नवी. गल्ल्याला, काचेला वा वडीला हात लावला नाही. जावेलाही लावला नाही. फक्त चेहरे फाडले. दिरांनी मला धरले व ठाण्यात फोन केला. फाडलेली लेबले पोलिसांनी जप्त केली. जावेने फिर्यादीत सांगितलेला हा प्रकार खरा आहे. मदतीला असल्याचे खोटे आहे.

आज हवालदारसाहेबांनी जप्त लेबले टेबलावर पसरली तेव्हा माझ्या पत्त्याचे एक लेबल त्यांत पूर्ण निघाले. त्याचा डिंक सुटलेला असल्याने ते न फाटता हातात आले असावे. साहेबांनी सांगितले की जप्त वस्तू परत देता येत नाही, मात्र अर्ज केल्यास शिक्का मारलेली फोटोप्रत मिळेल. मी अर्ज करत आहे.

वकीलबाईंशी येथूनच फोनवर बोलले. हरकत मान्य झाली तर नाव आणि लेबल दोन्ही माझी होतील. त्यासाठी मला लिहून द्यावे लागेल की हा चेहरा मी स्वतः निवडला आणि तोच माझ्या मालाची ओळख आहे. तसे लिहून द्यायला मी तयार आहे. फोटोप्रत स्पष्ट काढावी. तिचे हसू नीट दिसले पाहिजे.

माझा वरील जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी तो ऐकला, आणि तो मी सांगितला तसाच उतरला आहे. पतींबाबतचे वाक्य खोडायचे का, असे त्यांनी पुन्हा विचारले. मी नाही म्हणाले व सही केली.