कापसाचे बोळे

(जालना, १९४५. सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, फाटकाबाहेर लिंबाखाली रखमाजी आणि त्याची बायको सोनूबाई. दुपारची सुट्टी.)

सोनूबाई : मंग डॉक्टर काय म्हणला? माझ्या तोंडाकडं बघून सांगा.

रखमाजी : आधी समोर बसून बोलला. समदं बराबर सांगितलं म्या. मंग मागं जाऊन कानापाशी खिशातलं घड्याळ धरलं. मी आपला वाट बघत बसलो, कधी धरतो म्हणून.

सोनूबाई : म्हंजे ऐकू न्हाईच आलं.

रखमाजी : दोन्ही कान गेले म्हणला. वीस सालं रेच्यापाशी, त्या सरकी काढायच्या मशीनपाशी, उभं राहून. उद्यापासून मशीन बंद, फाटकावर बसायचं.

सोनूबाई : बसा की. सावली हाय.

रखमाजी : सावली हाय, पर आतलं बोलणं न्हाई. त्या गोंगाटात समदेच ओठांनी बोलतेत, तिथं मी कुणापेक्षा कमी नव्हतो. आठवतं का, लगीन ठरल्यावर तुझ्या बापानं आपल्याला बोलायची बंदी केल्ती?

सोनूबाई : अन् तुम्ही रेच्याच्या पल्याडून रोज इचारायचे, जेवलीस का. बाप तिथंच पाठमोरा सरकी भरायचा.

रखमाजी : चार महिने बोललो. आवाज मातर लग्नानंतरच ऐकला तुझा. इतका बारीक असंल वाटलं नव्हतं. लई आवडला मला. आता कवाचा ऐकला न्हाई.

सोनूबाई : रोज बोलते की.

रखमाजी : दिसतं.

सोनूबाई : चला, भोंगा वाजला. जाते मी.

रखमाजी : थांब. हे कानात घालून जा. डॉक्टरनंच बोळे करून देले.

सोनूबाई : कापूस? कापूस मढ्याच्या कानात घालतेत. मी सवाष्ण बाई हाय.

रखमाजी : म्या बी हेच म्हणल्तो. जुना मिस्त्री सांगून सांगून दमला. आत ढिगानं कापूस, पर चिमूटभर घेतला न्हाई.

सोनूबाई : बाया काय म्हणतील?

रखमाजी : म्हणू दे. तुझ्या शेजारी काम करणारी नंदाबाई सांगत होती, मागून हाक मारली की तू वळत न्हाईस. मला भेव वाटून राह्यलं. दोघं बी बहिरे झालो तर लेकरांनी कुणाला हाक मारायची?

सोनूबाई : घाला मंग. मधीच का थांबले?

रखमाजी : आजवर आईच्याच कानात घातल्ता. जित्या माणसाच्या पहिल्यांदाच घालून राह्यलो.