टावरवरचा झेंडा

प्रेरणा: बाबा, खरं सांगा. मी दोन महिन्यांनी घरी आली, तं टेकडीवर वारा मोजाच्या टावरवर लाल झेंडा! कोनं बांधला थो?

भगवानराव: तुह्याच भावानं. दोन महिने झाले, तू ट्रेनिंगले पुन्याले गेलती तवा. फुलसावंगीच्या बाजारातून मुद्दाम कापड आनलं. अक्षय असा सरसर चढला म्हनतो!

प्रेरणा: कमरेच्या पट्ट्याबिगर? अन् तुमी पाहत राह्यले?

भगवानराव: तुह्या मायचा नवस होता. टेकडीवर पवनचक्कीचे पंखे लागू दे, पोरगी घरी राहून नोकरी करू दे. मारोतीचा झेंडा हाय थो. वारा का आपल्या हातचा असते?

प्रेरणा: वारा उन्हानं होते, बाबा! वावर तापते, हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी दुसरी हवा धावत येते. थे किती जोरात येते, हेच टावरवरच्या त्या फिरत्या वाट्या मोजतात. अन् तुमी वाट्यांच्या तोंडावरच कापड बांधलं!

भगवानराव: आमाले काय मालूम! तुह्या कंपनीच्या साहेबाचाच फोन हाय पाह्य. झेंड्याचं बोलू नको. मी आत्ताच चढून काढतो.

(भगवानराव टावरच्या शिडीकडे जातात. प्रेरणा फोन स्पीकरवर टाकते.)

चारुदत्त: प्रेरणा, मी पुण्याला रिपोर्ट पाठवतोय. जितकं उंच जावं तितका वारा वाढतो, तिथं झाडंबिडं अडवत नाहीत. तुझ्याकडं उलटंच! वरच्या वाट्या खालच्यांपेक्षा हळू फिरतात. नीट बसवल्या होत्यास ना?

प्रेरणा: सर, एक मिनिट... बाबा, शिडीवरचा पाय काढा! आभाळ पाहा कसं आलं!

चारुदत्त: कोण चढतंय? काय चाललंय तिथं?

भगवानराव: साहेब, दम हाय इथच्या वाऱ्यात! माह्यं धोतर उडून राह्यलं!

प्रेरणा: उतरा म्हनते ना! तुमाले काही झालं तं आग लागो त्या नोकरीले! सर, वरच्या वाट्यांसमोर झेंडा बांधलाय. आमच्याच घरच्यांनी. मला आत्ता कळलं.

चारुदत्त: अरे देवा. म्हणजे दोन महिन्यांच्या नोंदी बाद. आधी त्यांना खाली घे.

भगवानराव: उतरलो, साहेब. चूक आमची हाय. पोरीले काहून सजा?

चारुदत्त: सजा नाही, भगवानराव. पण घरच्यांनीच टॉवरला हात लावला म्हटल्यावर तिनं मोजलेला तिथला आकडा कोणी मानणार नाही. तिथं दुसरा माणूस येईल. प्रेरणा, तुला साताऱ्याच्या साइटवर जावं लागेल. सोमवारीच.

प्रेरणा: हो, सर. जाईन.

चारुदत्त: आणि झेंडा वारा पडल्यावर काढू. पट्टा लावून.

प्रेरणा: हो. ठेवते.

भगवानराव: सातारा! कुठं सातारा, कुठं आपन! पोरी, तुह्या मायले मी आता काय सांगू?

प्रेरणा: झेंड्याचं नका सांगू, बाबा. टेकडीवर वारा कमी निघाला म्हना.