युवराजाचे पिंगट डोळे

रक्त कधी लपत नाही, ते डोळ्यांत उतरतं, असं जाणकार म्हणतात. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेलं जोडपं त्याचाच छडा लावत होतं. मोबाइलवरच्या राजघराण्याच्या खेळात नवरा राजा होता आणि बायको राणी.

“युवराजाचे डोळे पिंगट आहेत,” नवरा म्हणाला.

“हिरवे आहेत, तुझ्यासारखे. म्हणजे तुझ्या राजासारखे.”

“पिंगट. सेनापतीशेजारी उभा कर, दोघांचे डोळे एकसारखे आहेत. आमच्या वंशावळीत पाच पिढ्या ‘हिरवे डोळे’ लिहिलंय. सेनापती म्हणून तुझ्या ऑफिसातला तो खेळतो ना?”

“त्याचं काय?”

“कुठेतरी पाणी मुरतंय.”

“अरे, प्रत्येक गुण प्रत्येक मुलात उतरतोच असं नाही. तुझ्या आजोबा-राजाचं वेड तुझ्यात उतरलं का?”

“नाही.”

“आता वाटतंय, उतरलंय.”

“विषय बदलू नकोस. मी युवराजाचा हक्क काढून घेतोय.”

“दुसरा मुलगा नाही आपल्याला. राज्य तुझ्या काकाकडे जाईल आणि खेळ संपेल.”

“संपू दे. खाण तशी माती हवी.”

त्याने बटण दाबलं. राणीने मोबाइल पर्समध्ये टाकला.

“घरी गेल्यावर स्वयंपाकाचंही काकालाच सांग.”

तेवढ्यात तपासणीच्या बाई त्याचा रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या.

“नंबर नाही तुम्हाला. फक्त हिरव्या आणि पिंगट रंगातला फरक कळत नाही. घाबरू नका, हे आईकडून आलेलं असतं.”