उजवा मिटत नाही

बायको : ओठ कशाला वाकडा करताय? डोळा मिटायचाय, ओठ नाही.

घड्याळजी : आतून जोडलेत ते. एक ओढला की दुसरा मागून येतो.

बायको : परत करा. फक्त उजवा.

घड्याळजी : हं.

बायको : दोन्ही मिटले.

घड्याळजी : दोन्ही मिटल्यावर मला कसं दिसणार ते?

बायको : आता डावा मिटा बरं.

घड्याळजी : हा घे.

बायको : बघा, किती सफाई. उजव्याची पापणीसुद्धा हलली नाही.

घड्याळजी : जन्म गेला त्यात. भिंग उजव्या डोळ्याला, डावा मिटलेला, चिमटा उजव्या हातात. सगळा कारभार उजवीकडे. आता त्या उजव्यातच धुकं भरलं. आणि डॉक्टर म्हणतात, हा काही सुधारायचा नाही, पण डावा ठणठणीत आहे, तो वापरा. जसं काही शेजारचं बिऱ्हाड रिकामंच पडलंय, उचला सामान आणि जा तिकडं.

बायको : मग लावा ना भिंग डाव्याला.

घड्याळजी : लावलं की. पण उजवा मिटेल तर शपथ. तो टक्क उघडा. त्याला वाटतं, मालक अजून आपणच. स्क्रू दिसतो एकीकडे, चिमटा उतरतो शेजारी.

बायको : पट्टी बांधा.

घड्याळजी : काल बांधली होती. गिऱ्हाईक आलं, मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत चढवलं. म्हणे, सहज आलो होतो.

बायको : हसत नाहीये मी.

घड्याळजी : खांदे हलतायत तुझे.

बायको : बरं, ऐका. आपली थोरली लेक येईल आता. काय म्हणाली होती, लक्षात आहे ना? तिचं बंद पडलेलं घड्याळ तिच्यासमोर उघडायचं, चालू करायचं, पट्टीबिट्टी काही नाही. जमलं तर दुकान राहू दे. नाही जमलं तर किल्ली तिच्या हातात, आणि आपण दोघं तिच्याकडे राहायला.

घड्याळजी : तिच्याकडे जाऊन करू काय मी? भिंतीवर घड्याळ नाही त्या घरात. वेळ विचारली की सगळे खिशात हात घालतात.

बायको : म्हणून तर म्हणते, नीट शिका. त्या लंबकाच्या घड्याळाकडे बोट करा. दोन्ही डोळे उघडे. काटे अडकवलेत ना, बरोबर तिथं. आता डावा मिटा.

घड्याळजी : बोट जागेवर.

बायको : आता हातानं उजवा झाका.

घड्याळजी : उडालं. तीनच्या आकड्यावर गेलं.

बायको : म्हणजे बोट उजव्याचं ऐकतं. तुमचा हातही उजवा, डोळाही उजवा, एका घरचे. माझं बघा. पोळपाटापासून कात्रीपर्यंत सगळं डाव्या हातानं, पण सुई ओवताना बघते उजव्यानं. हात माहेरचा, डोळा सासरचा. ओवली जातेच ना सुई?

घड्याळजी : तुझं लहानपणापासूनचं आहे.

बायको : तुमचं आजपासूनचं. आणि तो उजवा मिटायच्या नादी लागू नका. डाव्यानं काहीतरी मन लावून बघा. बाकीचं त्याचं तो करेल.

घड्याळजी : तुला कसं ठाऊक एवढं?

बायको : मला दोन्ही मारता येतात. तुम्हाला एकच येतो, आणि तोही आयुष्यात एकदाच मारलात.

घड्याळजी : मी? कुणाला?

बायको : ऐका आता. याच दुकानात. तुम्ही तेव्हा मोठ्या उस्तादांकडे शिकत होतात. मी आत्याचं घड्याळ घेऊन आले, आणि काउंटरवरून तुम्ही मला सरळ डोळा मारलात.

घड्याळजी : अगं, नाही.

बायको : डावा. आत्तासारखाच, सफाईनं.

घड्याळजी : मी बघत होतो. बारीक काही बघायचं म्हटलं की डावा आपसूक मिटतो माझा.

बायको : म्हणजे मारला नव्हता?

घड्याळजी : बघत होतो.

बायको : आणि मी सगळ्या मैत्रिणींना सांगून मोकळी झाले. आठ दिवसांनी पुन्हा आले, ती कशाला मग?

घड्याळजी : तेव्हा घड्याळ बंद नव्हतंच. चावी बाहेर ओढून ठेवली होतीस, म्हणून काटे थांबले होते.

बायको : माहीत होतं तुम्हाला?

घड्याळजी : घड्याळजी आहे मी.

बायको : मग दाबायची ना चावी आत. तीन हेलपाटे घालायला लावलेत मला.

घड्याळजी : दाबली असती तर तू गेली असतीस.

बायको : असं. आणि पहिल्या दिवशी काय एवढं बारीक बघत होतात?

घड्याळजी : आत्याचं घड्याळ. नंतर घड्याळ खाली ठेवलं, पण डोळा उघडायचा राहून गेला.

(दार ढकलून थोरली आत येते. मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवते.)

थोरली : बाबा, हे. परवापासून बंद आहे. आणि आई, तू मध्ये बोलायचं नाहीस.

बायको : मी कुठं बोलते?

घड्याळजी : पडलं होतं का गं?

थोरली : नाही. आपोआपच थांबलं.

घड्याळजी : आपोआप. बरं.

बायको : काय हो, काय दिसतंय?

थोरली : आई.

घड्याळजी : काही नाही. चावी जरा बाहेर आलेली दिसते.

बायको : चावी? अगं बाई. हे कुणाचे गुण?

थोरली : बसला असेल कुठंतरी हिसका. तेवढ्यानं झालं का, बाबा? मग संपलं ना, दाबा ती आत.

घड्याळजी : नाही. उघडायचं ठरलंय ना? उघडतो. भिंग दे ते. डाव्याला.

थोरली : नाही उघडलंत तरी चालेल हो. मी पाहिलं तेवढं पुरे.

घड्याळजी : तुला चालेल. मला कळायला नको, मी अजून आहे का ते?

थोरली : आई, बाबांचा हात अडखळतोय.

बायको : नवीन घरात गेलेत. भिंती चाचपतायत. गप्प बस जरा.

घड्याळजी : हं. हा एक स्क्रू निघाला.

थोरली : उजवा अर्धा मिटलाय त्यांचा.

बायको : सांगू नकोस, उघडेल.

घड्याळजी : दुसरा. तेलाचा थेंब. हे चाक बघ, कसं फिरतंय. आता झाकण. चावी आत. घाल मनगटात.

थोरली : चालू झालं. बिघडलं काय होतं, बाबा?

घड्याळजी : कचरा होता थोडा.

थोरली : हो ना? मला वाटलंच. बरं, किल्ली राहू दे मग तुमच्याकडेच. मी चहाचं सांगून येते.

बायको : कचरा होता म्हणे.

घड्याळजी : मुलगी आहे तुझी. लाज राखायला नको?

बायको : अहो.

घड्याळजी : काय?

बायको : आत्ता उजवा मिटला तुमचा. पूर्ण. एकटा.

घड्याळजी : मिटला का? मी तुझ्याकडे बघत होतो.