वानखेडेभाऊचं धुतलेलं जाळं

भिलाई मध्यप्रदेशात होतं तवाची गोष्ट हाय, पण माझा राग अजून उतरला नाही. कारखान्यात आमच्या शिफ्टमधल्या वानखेडेभाऊले मासे धरायचा भलता शौक. दर सुटीले सायकलवर जाळं टाकून कुम्हारीच्या तलावावर जात. तिथं पाण्यावर शेवाळाची जाड काई. एका रविवारी काईनं हिरवं झालेलं तेच जाळं घेऊन ते आमच्या खुर्सीपारच्या तलावाकडे निघाले. मी सायकलच धरली.

"भाऊ, जाळ्यासंगं ती काई आपल्या तलावात येते. अगोदर जाळं धुवा, उन्हात वाळवा, मंगच टाका."

"बरोबर हाय तुमचं."

अर्ध्या तासानं पाहतो तं भाऊ पायरीवर बसून आमच्याच तलावात जाळं खळबळून राहिले.

"अहो, हे काय करून राहिले?"

"तुमीच तं धुवा म्हणलं."

पुढच्या उन्हाळ्यात आमचा तलाव हिरवागार. बायांनी तिथं कपडे धुणं सोडलं. तवा भाऊ जाळं घेऊन रस्त्यात भेटले.

"कुठं निघाले?"

"अहिवाऱ्याच्या तलावाकडे. तुमच्या तलावात लय घाण झाली. लोकं काळजीच घेत नाहीत."

मी जाळ्याकडे पाह्यलं.

"धुतलं ना," म्हणे. "आताच, तुमच्या तलावात."