अण्णांना कुशीवर वळव

लेक : …फडकं भिजून चिंब झालं, मिस्त्री, तरी काच धुरकटलेलीच. वळणावर ट्रक अंगावर आला तेव्हा कळलं, मीच उलट्या बाजूने चाललेय. हीटरचा पंखा गेलाय. बाहेर बर्फ आणि आत आम्हा दोघींचे श्वास.

मिस्त्री : आजींना जरा उतरवा. पंखा त्यांच्या पायांपाशीच असतो.

आई : मी उतरणार नाही. उतरले तर ही मला घरी घेऊन जाईल.

लेक : आई, निदान पाय तरी वर घे.

आई : घेतले. आता काय डोक्यावर ठेवू?

मिस्त्री : राहू द्या, करतो. घाट ओलांडायचाय? फाटक आज चारला बंद. तीन वाजत आलेत, आणि इथून पंधरा मिनिटं धरा.

लेक : म्हणून तर हात जोडते. माझी मावशी पलीकडच्या दवाखान्यात आहे. तिच्या सुनेचा, माझ्या वहिनीचा, फोन आला, उद्याची सकाळ बघेलसं डॉक्टरांना वाटत नाही.

मिस्त्री : तपासणीचा दिवा लागतोय, म्हणजे करंट इथवर येतोय. पंख्याला थोपटलं की हलतो, परत बसतो. मोटर झिजलीय. प्लग वितळून कोळसा झालाय. आणि हे काय? फ्यूजवर चॉकलेटची चांदी कोणी गुंडाळली?

आई : मी.

लेक : तू? कधी?

आई : गाडी आली त्याच आठवड्यात. फ्यूज सारखा उडायचा.

मिस्त्री : आजी, पंखा जड फिरतोय हे फ्यूज उडून सांगत होता. तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंत. मागच्या गल्लीत भंगारवाल्याकडे हेच मॉडेल पडलंय, त्याचा पंखा काढून आणतो. हलू नका.

(मिस्त्री जातो.)

लेक : अकरा वर्षं तू मावशीला बोल लावतेयस. ही गाडी देऊन भंगार गळ्यात मारलं म्हणून.

आई : पंखा खराब होताच की.

लेक : खराब होता आणि खराब केला, यात फरक आहे, आई.

आई : ती म्हणाली होती, गाडी घेऊन ये, मी बघते. मी म्हटलं, तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मग चांदी गुंडाळली. चॉकलेटही तिनेच दिलेलं.

लेक : वहिनी तिच्या उशाशी फोन घेऊन बसलीय. आत्ता बोल. मी लावून देते.

आई : फोनवर काय बोलू? अकरा वर्षांनी 'हॅलो, मी बोलतेय' म्हणू? तिच्यासमोर बसले तर काही बोलावं तरी लागणार नाही. तिचे पाय दाबीन.

लेक : आणि पोचलोच नाही तर?

आई : तू घड्याळाकडे बघू नकोस. तू बघितलंस की ते जोरात पळतं.

मिस्त्री : मिळाला. बोल्ट गंजले होते, वेळ गेला. प्लग कामाचा नाही, वायरी सरळ जोडतो. दोन्ही जळून काळ्या पडल्यात, कोणती कुठली कळत नाही. ताई, बटण फिरवा.

लेक : आवाज येतोय. हवा कुठाय? मिस्त्री, हवा नाही. काच तशीच आहे.

मिस्त्री : उलटा फिरतोय. माझीच चूक. वायरी अदलाबदल करतो, दोन मिनिटं.

लेक : दोन मिनिटं कुठून आणू? पावणेचार होऊन गेले.

मिस्त्री : आता फिरवा.

लेक : आली. गरम आहे. आई, हात धर इथे.

मिस्त्री : जुना माल आहे, घुरघुरणार. तेवढं चालवून घ्या. माझा भाचा फाटकावर आहे, त्याला विचारतो… हॅलो, एक गाडी सोडशील का रे? बंद केलं? कधी?… बरं.

लेक : अजून चार नाही वाजले.

मिस्त्री : वर दरड आलीय, ताई. पाच मिनिटांपूर्वीच टाळं लावलं. उद्या सकाळी.

लेक : उद्या सकाळी मी कोणाकडे जाऊ, मिस्त्री? आई, रडू नकोस. तू रडलीस तर माझ्याच्याने गाडी चालवली जाणार नाही.

आई : रडत नाही. गप्प बस जरा. ऐक.

लेक : काय ऐकू?

आई : अण्णा. तुझे आजोबा अगदी असेच घोरायचे. आम्ही दोघी एका खोलीत त्यांच्याबरोबर, झोप म्हणून नाही. तुझी मावशी पायांकडून धरायची, मी खांद्याकडून. फोन लाव.

लेक : वहिनी? मावशीच्या कानाला फोन लाव. हो, आई आहे.

आई : मी नाही बोलणार. फोन पंख्याच्या जाळीपाशी धर. आणखी जवळ. मिस्त्री, तू जागचा हलू नकोस बाबा, पायांचा आवाज होतो.

मिस्त्री : उभाय मी.

लेक : वहिनी, ऐकतेय का ती?… डोळे उघडले? ओठ हलतायत? विचार ना, काय म्हणतेय.

आई : काय म्हणतेय?

लेक : म्हणतेय, अण्णांना कुशीवर वळव, मी पाय धरते.