फाटकावरचं पत्रक

हॅलो?… कोण, आई? अगं, रविवारी माझा कार्यक्रम असतो, रविवारी फोन करू नकोस म्हणून कितीदा… बरं, बोल. पटकन बोल, मेकअपला बसलेय.

कसलं पत्रक?… आपल्या फाटकावर?… त्यावर तुझाच फोटो?

थांब, थांब. चष्मा लाव आणि नीट वाचून दाखव… हं… "वेलिका"… हं… "आपल्यातून जाऊन दहा वर्षं झाली"… पुढे? "कन्या झोर्नित्सा आणि वाहिनीतील सर्व सहकारी"… अगं बाई.

नाही गं, मी नाही लावलं. तुझी शपथ… हो, आजच्या दिवशी तुझी शपथ घ्यायला नको होती, कळतंय मला.

आणखी कुठे लावलंय?… बसथांब्यावर. दुकानाच्या दारावर. चर्चच्या भिंतीवर पण?… आणि शेजारची त्सोन्का काय म्हणते?… तुझ्या पुण्यतिथीचे उकडलेले गहू कधी वाटणार, म्हणून विचारते? तिला बरी चेष्टा सुचते. तू हसतेयस का आई?… मग रडतेयस का?…

फोटो ना? लग्नातला, निळ्या झग्यातला. हो, मीच दिला होता. तेव्हा वाहिनीवाल्यांनी मागितला म्हणून… हो, छान आलाय. तुझे केस तेव्हा काळेभोर होते.

अगं, ऐक ना. आज मला इथे दहा वर्षं झाली. तर म्हणे खास कार्यक्रम, झोर्नित्साचं बालपण, झोर्नित्सा गावातून सोफियाला कशी आली, कशी मोठी झाली. मला न सांगता सगळं ठरवलंय यांनी. आपलं घर बंद असतं असं मीच सांगून ठेवलंय, म्हणून खुशाल फाटकावर चिकटवलं. तू कुठे होतीस तेव्हा?… मळ्यात. मिरच्या तोडायला. नशीब…

हो, हो, पडदे फिकटच हवेत. बैठकीच्या खोलीचे. नाही, फुलं नकोत… हं… गेली. राया होती, मेकअपवाली, ब्रश विसरली होती. पडदे कसले म्हणजे? तिच्यासमोर काय बोलणार मी?

तेव्हा तसं का बोलले म्हणजे?… आई, दहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस आणि आज, कार्यक्रमाला तीन तास असताना…

बरं. सांगते. एकोणीस वर्षांची होते मी. तुझ्याशी भांडून पहाटेची बस धरली होती, आठवतंय ना? तिथे वाहिनीच्या निवडीला आम्ही सतराजणी. एकीचं घर पुरात गेलेलं, एकीचा भाऊ खाणीत गेलेला. माझ्याकडे काय होतं? लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावणारी आई. म्हणून मी थांब्याची गोष्ट सांगितली… आपल्याच थांब्याची. बस येईपर्यंत तू मला भिंतीवरची पत्रकं मोठ्याने वाचायला लावायचीस ना, मेलेल्यांची नावं, वयं… त्यावरच अक्षरं शिकले, म्हणून आवाज असा खणखणीत. त्यांना फार आवडलं ते. खूप हसले. आणि मग एकाने विचारलं, आई आता बघत असेल ना तुला? आणि मी म्हटलं, तिचंही पत्रक आता तिथेच लागलंय.

निघून गेलं गं तोंडातून. सगळे रडले. कॅमेरावाला रडला. दुसऱ्या दिवशी हवामान दिलं मला, वर्षभरात सकाळचा कार्यक्रम, मग हा रविवारचा. तू सांग, यातल्या कुठल्या दिवशी खरं सांगायचं होतं मी?

हो, कार्यक्रमात तुझ्या नावाने लावते ती मेणबत्ती. दर आठ मार्चला, आयांच्या दिवशी… तू बघतेस ते? मला वाटायचं, त्या दिवशी तरी टीव्ही लावत नसशील… आणि त्सोन्काला काय सांगतेस?… "टीव्हीवर असंच बोलावं लागतं."… आई गं.

हो, येते चोरासारखी. गाडी मागच्या गल्लीत लावून, डोक्याला रुमाल बांधून. मला काय त्यात सुख आहे? दुकानात पाव घ्यायला गेले तरी बायका हात धरून म्हणतात, तुमची आई वरून बघत असेल. आणि मी मान हलवते. दहा वर्षं नुसती मान हलवतेय.

ते सोड. ती चित्रीकरणाची मंडळी आहेत कुठे?… शेजारच्या गावात जेवायला गेलीत? येतील आता. तू असं कर, मागच्या दाराने त्सोन्काकडे जा… मिरच्या भाजत ठेवल्यात? राहू देत मिरच्या. अंगणातून धूर निघतोय? अगं, बंद घरातून धूर कसा… विझव तो आधी.

का नाही जाणार?… स्वतःच्या घरातून का जाऊ म्हणतेस. बरोबर आहे तुझं… हो, बरोबर आहे.

मग सांगून टाकू का मी? आज, सगळ्यांसमोर?… काम जाईल. तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण तू म्हणालीस तर सांगते. बोल ना, आई. तू एकदा म्हण…

गाडी आली?… आई, फोन ठेवू नकोस. तो कामेन आहे, आमचा दिग्दर्शक. त्याला काही सांगू नकोस, आधी मला… आई?

काय म्हणालीस तू त्याला?…

आई?…

हं, कामेन. हो, मीच. माझ्याशीच बोलत होत्या त्या… काय सांगितलं त्यांनी?… शेजारीण… किल्ली यांच्याकडे असते… अंगण वापरतात… हो. बरोबर आहे. ओळखते ना, लहानपणापासून.

फोटोसारख्या दिसतात?… आमच्या गावात रुमाल बांधला की सगळ्या सारख्याच दिसतात, कामेन.

कार्यक्रमात हव्यात?… आईविषयी बोलतील म्हणाल्या? स्वतःहून?… नाही, माझी काही हरकत… फोन दे जरा त्यांच्याकडे. नको, राहू दे… नाही, दे.

हॅलो… हो, मीच… तुम्ही… तुम्ही बऱ्या आहात ना?

काय सांगायचं म्हणता?… तुम्हाला आठवेल ते सांगा. कामाला वाघीण होती म्हणून सांगा… हो, तापट होती, तेही चालेल…

काय?… मुलीवर कधी रागावली नाही, असं सांगू?…

खरं असेल तर सांगा.

हो, ऐकतेय… ऐकतेय मी. राया आलीय, डोळे परत रंगवावे लागणार म्हणतेय… कॅमेऱ्यासमोर घाबरू नका… ठेवते मग.

ठेवते, काकू.